हैदराबाद बुक ट्रस्ट : वाचक ओळखून काढलेली पुस्तकं

हैदराबादमधल्या दिलसुखनगरच्या रस्त्यांवर पुस्तकांना तोटा नाही, पण त्यातली बरीचशी स्पर्धा परीक्षांची. खेड्यापाड्यांतली मुलं इथे वसतिगृहात राहतात, क्लास लावतात, गाइडं घेतात. ज्या घरांतून ती येतात, त्या घरांचं जगणं छापणारी एक छोटी प्रकाशन संस्था याच शहरात आहे : हैदराबाद बुक ट्रस्ट.

डाव्या चळवळीतून आलेले सी. के. नारायण रेड्डी आणि गीता रामस्वामी यांनी १९८०मध्ये ती उभी केली. नफ्याच्या मागे न लागता, सोप्या तेलुगूत आणि परवडेल अशा किमतीत पुस्तकं द्यायची, हा निर्धार. अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत अ‍ॅलेक्स हॅलीचं ‘रूट्स’ होतं. अनुवादक ‘सहवासी’ यांनी त्या जाडजूड ग्रंथाचा आटोपशीर तेलुगू अवतार केला, ‘एडु तरालु’. आफ्रिकेतून पकडून नेलेल्या कुंटा किंटेच्या सात पिढ्यांची ही कहाणी वेठबिगारी सोसलेल्या तेलंगणाला परकी वाटली नाही. तिच्या आवृत्त्या निघतच राहिल्या.

डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोच्या डोंगराळ गावांसाठी लिहिलेलं आरोग्याचं पुस्तकही ट्रस्टने ‘वैद्युडु लेनि चोट’ या नावाने आणलं. जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी किती आणि कसं द्यायचं, हे त्यात चित्रांसह समजावलेलं आहे. डॉक्टर मैलोगणती दूर असलेल्या गावात अशा पानाचं मोल काय, ते सांगायला नको.

१९८४पासून गीता रामस्वामी इब्राहिमपट्टणमला दलित शेतमजुरांच्या लढ्यात उतरल्या. दिलसुखनगरवरून सागर रस्त्याने पुढे गेलं की हा भाग लागतो. जमीन आणि वेठबिगारी, हे तिथले प्रश्न. त्या अनुभवाचं वजन ट्रस्टच्या यादीत जाणवतं. महाश्वेता देवी, शिवराम कारंत तेलुगूत आले, वाय. बी. सत्यनारायण यांनी रेल्वेत राबलेल्या आपल्या दलित कुटुंबाची सांगितलेली कहाणी ‘मा नायना बालय्या’ म्हणून आली.

‘ग्रंथाली’ने १९७८मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं, तेव्हा मराठीत काय हललं हे आपण जाणतो. तेच काम तेलुगूत चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. पुस्तक कुणासाठी काढायचं हे आधी ठरवलं, की भाषा, जाडी आणि किंमत त्या माणसाला धरून ठरते. मराठीतल्या छोट्या प्रकाशकांनी हैदराबादकडून हे जरूर घ्यावं.