अधू बोटांचें संगीत

‘हेवी मेटल’ नांवाच्या पाश्चात्य संगीताचा उगम बर्मिंगहॅम ह्या कारखान्यांच्या शहरीं झाला, हें त्या नांवास साजेसेंच आहे. तेथील ‘ब्लॅक सॅबथ’ ह्या चौकडीचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असतां पत्र्याच्या कारखान्यांत यंत्रांत हात सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा, तेव्हां तारा दाबण्याचा हात नेमका तोच! त्यानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणें केलीं, हलक्या तारा लाविल्या, आणि १९७१ सालीं त्या सैलहि केल्या. तार सैल होतांच स्वर खालीं उतरतो. तो घनगंभीर नाद ह्यांतूनच सिद्ध झाला.

गायक ऑझी ऑस्बोर्न १९७८ नंतर प्रथमच ज्या संपूर्ण ध्वनिमुद्रिकेंत परतला, ती ‘थर्टीन’ जून २०१३ मध्यें निघाली. आयोमीस कर्करोग झाल्याचें २०१२ च्या आरंभीं कळलें होतें. उपचार घेत घेतच त्यानें हें काम तडीस नेलें. मूळचा ड्रमवादक बिल वॉर्ड मात्र तींत नाहीं, ही उणीव कानांस जाणवते. ऑझी २०२५ सालीं वारला. ह्या ध्वनिमुद्रिकेच्या अखेरीस पाऊस, मेघगर्जना व घंटानाद ऐकूं येतात. १९७० सालच्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा आरंभ ह्याच ध्वनींनीं झाला होता.