कळणे, वळणे आणि ट्रकचा गिअर

ज्ञान म्हणजे काय, असा प्रश्न निघाला की आपलं लक्ष ग्रंथांकडे नाहीतर प्रयोगशाळेकडे जातं. आज आपण ते अमेरिकेतल्या अवजड ट्रकच्या गिअरबॉक्सकडे नेणार आहोत. विषय आडवाटेचा वाटेल. पण 'कळतं पण वळत नाही' असं आपण मराठीत सहज म्हणून जातो ना, त्या कळण्या-वळण्यातलं अंतर इथे अगदी कानांनी ऐकू येतं.

आधी यंत्र समजून घेऊ. अमेरिकेच्या महामार्गांवर जे ट्रॅक्टर-ट्रेलर धावतात, त्यांचं मालासकट वजन ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ टन असू शकतं. ते ओढणारं डिझेल इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साधारण ६०० फेरे घेतं आणि २,००० च्या आसपास त्याची मर्यादा येते. फेऱ्यांचा पट्टा असा अरुंद, म्हणून गिअर जास्त लागतात: १०, १३, काही गाड्यांत १८. दहा गिअरच्या गाडीत पुढे जाण्यासाठी दांड्याच्या जागा मात्र पाचच. पाचव्यापर्यंत गेलं की दांड्यावरची कळ वर करायची आणि दांडा पुन्हा पहिल्याच्या जागी आणायचा. तोच आता सहावा झाला.

अवघड भाग पुढे आहे. आपल्या मोटारीत गिअर बदलताना आत एक पितळी कडं घासतं आणि दोन भागांचा वेग जुळवून देतं. याला सिंक्रोमेश म्हणतात. अमेरिकेतल्या अवजड ट्रकांत अनेक दशकं ही सोय सहसा नसे, कारण तिच्याविना गिअरबॉक्स साधा राहतो आणि जास्त टिकतो. मग मोटारीत जे काम पितळी कडं करतं, ते ट्रकमध्ये चालकानं करायचं. दात्यांचा वेग जुळला तर दांडा दोन बोटांनी जातो. नाही जुळला तर कितीही जोर लावा, खरखर होते आणि गिअर पडत नाही.

शिकवणारे काय सांगतात? डबल क्लच मारा. वरचा गिअर टाकायचा तर क्लच दाबा, दांडा न्यूट्रलला आणा, क्लच सोडा. इंजिनाचे फेरे चारेकशेनं खाली येऊ द्या. मग पुन्हा क्लच दाबा, गिअर टाका, क्लच सोडा. खालच्या गिअरसाठी क्रम हाच. फक्त न्यूट्रलमध्ये क्लच सुटलेला असताना रेस द्यायची, म्हणजे फेरे वर येतात. आणखी एक गोष्ट. मोटारीत क्लच तळापर्यंत दाबायची सवय असते. या ट्रकांत तळाशी क्लच ब्रेक असतो आणि तो फक्त गाडी उभी असताना वापरायचा. चालत्या गाडीत पाय मध्येच थांबवायचा. म्हणजे मोटार येणाऱ्या माणसाच्या पायाला आधी जुनं विसरावं लागतं.

बघा, हे सगळं आता आपल्याला कळलं. पण तेवढ्यावर आपल्यापैकी कोणी तो गिअर टाकू शकेल का? नाही. नवशिका मनात क्रम म्हणत बसतो. तो म्हणून होईपर्यंत फेरे फार खाली आलेले असतात. मग तो रस्ता सोडून दांड्याकडे बघतो. सराव झाला की आकडा बघावा लागत नाही, इंजिनाचा आवाज कुठे आला म्हणजे दांडा जाईल हे कानाला उमगतं. चढावर गाडीचा वेग लवकर पडतो, तिथे हात आपोआप घाई करतो. सपाटीवर तोच हात थांबतो. याला आपण 'हात बसला' म्हणतो. मुरलेले चालक तर चालत्या गाडीत क्लचला पायही लावत नाहीत. नुसते फेरे जुळवून गिअर काढतात आणि टाकतात.

ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात हाच फरक मांडला. एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: प्रत्येक जाणत्या कृतीआधी मनात नियम आठवावा लागत असेल, तर योग्य नियम आठवणं हीही एक कृतीच झाली. तिच्यासाठी आणखी एक नियम लागेल, आणि ही साखळी संपणारच नाही. पुढे २००१ साली जेसन स्टॅन्ली आणि टिमथी विल्यमसन यांनी याला आव्हान दिलं. करता येणं हाही माहितीचाच एक प्रकार आहे, फक्त ती माहिती कृतीच्या अंगानं आपल्याला गवसलेली असते, असं त्यांचं म्हणणं.

ट्रकमध्ये बसून पाहिलं तर दोघांच्याही पदरात थोडं टाकावं लागतं. समजा, गिअर चुकला. आत काय घडतं हे ज्याला कळलेलं आहे, तो दांड्याशी झटापट करत नाही. न्यूट्रल, क्लच सोडला, रेस, पुन्हा प्रयत्न. म्हणजे कळलेलं होतं म्हणून सावरता आलं. पण ते सावरणंही हात बसलेला असेल तरच वेळेवर होतं.

अमेरिकेत ७ फेब्रुवारी २०२२ पासून अवजड वाहनाचा परवाना नव्यानं घेणाऱ्यांना ठरलेलं प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्यात एक गंमत आहे. अभ्यासाच्या भागात किमान ८० टक्के गुण हवेत, असा नियम. प्रत्यक्ष चालवण्याच्या भागात मात्र किमान किती तास, हे केंद्रीय नियमात नाही. शिकणारा तयार झाला की नाही, हे शिकवणाऱ्यानं ठरवायचं. कळण्याला टक्के लावता येतात. वळलं की नाही हे बघायला, ज्याला वळलेलं आहे असा माणूस शेजारी बसावा लागतो. आपल्याकडे क्लीनर, म्हणजे आपला किन्नर, ड्रायव्हरच्या शेजारी बसून शिकत आला, त्यामागेही हेच आहे.

आता हे इतकं महत्त्वाचं का? उतारामुळे. कोलोरॅडोतला आयसेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे आणि तिथून महामार्ग सहा-सात टक्के उतारानं खाली येतो. ३६ टन वजन नुसत्या ब्रेकवर धरलं तर ब्रेक तापतात, आणि फार तापलेले ब्रेक लागत नाहीत. म्हणून खालचा गिअर हवा, म्हणजे इंजिन गाडीला मागे खेचून धरतं. हा गिअर उतार लागण्याआधीच पडायला हवा. वेग वाढल्यावर बदलू गेलात, तर दाते जुळायला इंजिनाला मर्यादेबाहेर फिरावं लागेल. ते होत नाही. गाडी न्यूट्रलमध्येच राहते आणि इंजिनाचा उरलेला आधारही जातो. तिथल्या परवान्याच्या पुस्तिकेत हा इशारा आहे. ज्या गिअरनं घाट चढलात त्याच गिअरनं उतरा, असं आपले जुने चालक सांगतात. तीच पुस्तिका म्हणते की आजच्या ताकदवान इंजिनांच्या गाड्यांना त्याहूनही खालचा गिअर लागू शकतो. म्हणजे पाठ केलेला नियमही गाडी बघूनच वापरायचा.

आज अमेरिकेतले बहुतेक नवे अवजड ट्रक गिअर स्वतः बदलतात. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवान्यावर तशी मर्यादा नोंदवतात. मग एक विद्या गेली म्हणून हळहळायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. नवशिक्याचं लक्ष दांड्यावरून रस्त्यावर आलं, हा लाभच आहे. पण माल किती, उतार किती लांब, रस्ता ओला आहे का, हे पाहून वेग आधीच कमी करणं अजून चालकाकडेच आहे. जुना गिअरबॉक्स चुकीला तिथल्या तिथे खरखरून टोकायचा, आणि तेही बहुधा सपाटीवर, सरावाच्या मैदानात. नवा टोकत नाही. तिथे अंदाज चुकला तर पहिली जाणीव उतारावरच होण्याची भीती आहे. म्हणून शेजारी बसून शिकवणाऱ्याचं काम कमी न होता वाढलं आहे. यंत्रानं सोडलेलं टोकणं आता त्याला करायचं आहे.

एखादं यंत्र आपलं काम हलकं करतं, तेव्हा त्यानं हातातलं काम घेतलं की टोकणारा आवाजही घेतला, एवढं विचारून ठेवावं. आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.