भाकरी सोडली की काटा का पळतो?

तेलंगणातल्या मुधोळसारख्या महाराष्ट्राला लागून असलेल्या सीमाभागात ताटात ज्वारीची भाकरीही असते आणि भातही. ही दोन्ही बंद करायला सांगणारा, रोज 70 ते 100 ग्रॅम खोबरेल तेल, तूप घ्यायला लावणारा वीरमाचनेनी रामकृष्ण यांचा आहार तेलुगू मुलखात चांगलाच गाजला. अशा आहारात दिवसभरात जेमतेम 50 ग्रॅम कर्बोदकं चालतात. 80 ग्रॅम पिठाच्या एकाच भाकरीत त्याहून जास्त असतात!

पहिल्या आठवड्यात वजन झरझर उतरतं, ते मुख्यतः पाण्याचं. यकृत आणि स्नायूंत सुमारे 500 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, असतं, प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास 3 ग्रॅम पाणी. साठा संपला की ते पाणी लघवीवाटे जातं. चरबी सावकाश गळते. यकृत तिच्यापासून कीटोन बनवतं, भूक मंदावते. हा फायदा खरा आहे.

पण स्टॅनफर्डच्या 2018च्या अभ्यासात 609 जणांपैकी कमी कर्बोदकवाल्यांचं वजन वर्षभरात सरासरी 6 किलो उतरलं, कमी चरबीवाल्यांचं 5.3. म्हणजे जवळपास सारखंच.

इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर मात्र मनानं भाकरी सोडू नका, रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या.