पुरात बुडालेली मोटार घ्यावी काय?

लोखंड आणि पाणी यांचे वैर भिलाईसारख्या पोलादनगरीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तरीही जुनी मोटार निम्म्या किमतीत मिळू लागली, की या ज्ञानाचा विसर पडतो.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो वाहने पाण्याखाली गेली. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर विमा व्यवहारात अशा वाहनाची पूर्ण हानी झाली असे मानतात. मालकाला भरपाई मिळते, वाहन मात्र पुष्कळदा लिलावात जाते. तेथून धुऊनपुसून, रंग देऊन ते दूरच्या गावी विक्रीस येऊ शकते. नागपूरहून रायपूरला जाणारा महामार्ग भिलाईवरूनच जातो. म्हणून पूर न पाहिलेल्या ग्राहकानेही सावध असावे.

पाण्याने होणारी हानी दोन प्रकारची असते. हवा दाबता येते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. म्हणून सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन सुरू केल्यास दट्ट्या अडतो व कनेक्टिंग रॉड वाकतो. हा दोष बहुधा लवकर उघड होतो. दुसरी हानी संथ असते. पोकळ पत्र्यांत साचलेला गाळ ओलावा धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजतो. पाणी खारे असेल, तर अधिक वेगाने. तारांच्या जोडण्या काही महिन्यांनी दगा देतात. एअरबॅगचे नियंत्रक यंत्र अनेक मोटारींत तळाजवळ असते. ते निकामी झाल्यास अपघाताच्या क्षणी पिशवी फुगेलच असे नाही. येथे प्रश्न केवळ पैशाचा उरत नाही.

परीक्षा कठीण नाही. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधावी. गालिचा उचलावा, जादा चाकाची खोबण, आसनांखालचे बोल्ट आणि दिव्यांच्या काचांची आतील बाजू पाहावी. उग्र सुगंधामागे कुबट वास दडलेला असू शकतो. विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागावा. वाहन कायमचे निकामी झाल्यास मालकाने नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे, असे १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. म्हणून नोंदणीची स्थितीही तपासावी.

पाणी तळाखालीच राहिले होते आणि दुरुस्तीची कागदपत्रे आहेत, अशा मोटारीचा विचार करता येईल. पाणी आसनांपर्यंत चढले असेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती मोटार घेऊ नये.