न्हाणीघरातील आधार

मराठी घरात न्हाणीघराला फारसा मान नाही. देवघर, स्वयंपाकघर, ओसरी यांच्या जागा ठरल्यानंतर जो कोपरा उरतो, तो मोरीच्या वाट्याला येतो. कोपरा अंधारा, दार अरुंद, उंबरठा उंच आणि फरशी सदा ओली. धडधाकट माणसास याचे काही वाटत नाही. परंतु अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडलेला गृहस्थ, गुडघे धरलेली आजी किंवा कुबडीवर चालणारा तरुण यांच्या दृष्टीने घरातील सर्वांत धोक्याची जागा हीच होय.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या आणि साठी उलटलेल्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या घरात होते. पडून होणाऱ्या इजांमुळे जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार लोक मृत्युमुखी पडतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे. अपघाती इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये पडणे हे दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे. वृद्धापकाळी, विशेषतः स्त्रियांमध्ये, हाडे ठिसूळ झालेली असतात. अशा वेळी साध्या घसरण्यानेही खुब्यापाशी हाड मोडते आणि काल स्वतःच्या हाताने स्नान करणारी व्यक्ती उद्या अंथरुणाला खिळते. पडण्याची नुसती भीतीही कमी घातक नाही. न्हाणीघरात जावे लागू नये म्हणून पाणी कमी पिणारे आणि आंघोळ टाळणारे वृद्ध अनेक घरांत आढळतात. घरचे लोक त्याला हट्ट समजतात.

फरशी आणि पाणी

सुधारणेचा आरंभ पायाखालून करावा. गुळगुळीत, चकचकीत फरशी दिसण्यास देखणी; परंतु तिच्यावर साबणाचा फेस पडला की ती काचेसारखी होते. घोटाई न केलेली शहाबादी फरशी किंवा खडबडीत पृष्ठभागाची टाइल हा त्याहून चांगला पर्याय. सिमेंटचा कोबा करावयाचा असल्यास तो ओला असतानाच त्यावर तारेच्या ब्रशाने रेघा ओढाव्यात. या कामास वेगळा खर्च लागत नाही. उताराकडेही लक्ष द्यावे. फुटाला पाव इंच एवढा उतार पाणी वाहून जाण्यास पुरतो; त्याहून अधिक ठेवल्यास पाटाचा किंवा खुर्चीचा तोल जातो. पाणी तुंबले की शेवाळ धरते, आणि शेवाळावर कोणतीही फरशी टिकाव धरू देत नाही. ते ब्लीचिंग पावडरने निघते. मात्र तिच्यात फरशी धुण्याचे अॅसिड कदापि मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि लहानशा बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पहाटेचा अंधार, अंगभर तेल, वर उटणे आणि घाई! त्या दिवशी वडीलधाऱ्यांना तेल बाहेर लावून, तळपाय कोरडे पुसून मगच आत न्यावे.

आपल्याकडील स्नान बहुधा बादली-तांब्याचे. वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे वीस किलोंचे ओझे. ते उचलण्याची वेळ दुर्बळ माणसावर येताच कामा नये. शिवाय पाटावर बसून खालच्या बादलीतून पाणी घेताना कमरेत वाकावे लागते आणि उठताना तर सगळा भार गुडघ्यांवर येतो. यावर उपाय सोपा आहे. पाटाऐवजी सुमारे दीड फूट उंचीचे, पायांना रबरी टोप्या असलेले भक्कम स्टूल किंवा पाठीची खुर्ची घ्यावी आणि बादलीही तेवढ्याच उंचीच्या ओट्यावर ठेवावी. प्लास्टिकच्या हलक्या खुर्चीचे पाय ओल्या फरशीवर फाकतात, म्हणून ती टाळलेली बरी. जेथे नळाला दाब आहे तेथे लवचीक नळीचा हातशॉवर बसवल्यास बादलीचे कामच उरत नाही.

बादलीत आधी थंड पाणी घेऊन मग गरम मिसळावे. साठ अंशांच्या पाण्याने पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजते; म्हणून गिझरचा काटा पन्नास अंशांच्या आत ठेवावा. बंबातल्या पाण्याला असा काटा नसतो, तेथे हाताने पाहणे हाच मार्ग. जुन्या मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांच्यासाठी पाणी दुसऱ्याने पाहावे. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना चटकन उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. स्नान झाल्यावर मिनिटभर बसून, मग उठावे.

दांडी कोठे व कशी

तोल जाताना माणूस हाताला लागेल ते धरतो. तो नळ असेल, टॉवेलची दांडी असेल. यांपैकी काहीही माणसाचे वजन पेलण्यासाठी बसवलेले नसते. म्हणून आधाराची खास दांडी हवी. ती मुठीत नीट मावावी. सव्वा इंची जी. आय. पाइपचा बाहेरील व्यास सुमारे ४२ मिलिमीटर भरतो, तो योग्य होय. भिंत आणि दांडी यांमध्ये सुमारे चार सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. त्याहून फार जास्त ठेवल्यास घसरलेला हात कोपरापर्यंत आत अडकतो. उभे राहून धरावयाची आडवी दांडी जमिनीपासून ८० ते ९० सेंटिमीटरवर असावी, परंतु हे माप अंतिम मानू नये. ज्याच्यासाठी ती बसवावयाची, त्यालाच कोरड्या न्हाणीघरात उभे करून खडूने खूण करून घ्यावी. अर्धांगवायू झालेल्यास दांडी त्याच्या सशक्त हाताच्या बाजूस लागते, हे गवंड्याला आपण होऊन सुचत नाही.

दांडी विटेच्या भिंतीत खोलवर रुतलेल्या बोल्टांनी पक्की करावी. टाइलमागे पोकळी असल्यास ठोकल्यावर बद्द आवाज येतो. तेथे भोक पाडू नये. भिंत मातीची किंवा पत्र्याची असेल तर हाच पाइप जमिनीत काँक्रीट भरून खांबासारखा उभा करता येतो. बाजारात मिळणाऱ्या, हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या रबरी मुठींवर शरीराचा भार टाकू नये.

दार बाहेर उघडणारे असावे. आत पडलेल्या माणसाचे शरीर दारालाच अडते आणि आत उघडणारे दार मग ढकलता येत नाही. कडी बाहेरूनही निघेल अशी असावी, दिव्याचे बटण दाराबाहेर असावे आणि उंबरठा शक्य तेवढा उतरवावा. दाराशी अंथरलेले सुटे गोणपाट मात्र आजच काढून टाकावे.

न्हाणीटब आपल्याकडे थोड्याच घरांत आहेत. परंतु परदेशी मुलांकडे काही महिन्यांसाठी जाणाऱ्या आईवडिलांची गाठ त्यांच्याशी पडते. दीड फुटाच्या आसपास उंचीचा काठ ओल्या पायाने ओलांडणे हा तेथील मुख्य धोका. काठाच्या आतबाहेर पाय टेकलेले लांब बाकडे तेथे मिळते; त्यावर बाहेर बसून, सरकत आत जावे व मग एकेक पाय उचलून घ्यावा.

ग्रामपंचायतीचे काम

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचा भर सार्वजनिक इमारती सुगम करण्यावर आहे. सुगम्यतेची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्ये निघाली व २०२१ मध्ये सुधारली गेली. मात्र घरातल्या मोरीची पाहणी करण्यास कोणी निरीक्षक येत नाही. २०१४ नंतर गावोगाव शौचालये उभी राहिली. स्नानाची जागा बहुतेक ठिकाणी पूर्वीचीच राहिली, परसातील दगड आणि भोवती साडीचा आडोसा. ज्या स्त्रीला धड उभे राहता येत नाही तिला या आडोशामागे काय सोसावे लागते, याची चर्चा ग्रामसभेत सहसा होत नाही.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. तो पुष्कळदा वर्षअखेरीस वस्तूंच्या वाटपात संपतो. एक दांडी, एक स्टूल, बादलीचा ओटा, खडबडीत कोबा आणि सांडपाण्यासाठी शोषखड्डा एवढे काम स्थानिक गवंडी व वेल्डर सहज करू शकतात. कमोड खुर्ची, वॉकर यांसारख्या साधनांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये सुरू झाली; राज्य शासनानेही २०२४ मध्ये ६५ वर्षांवरील गरजूंना साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर केली. घरोघरची गरज कोणाला आहे याची यादी करण्यास आशा सेविका व शिक्षक यांची मदत घ्यावी, कारण घराच्या आतील स्थिती त्यांना ठाऊक असते.

काम झाल्यावर देयक मंजूर करण्यापूर्वी पंचायतीच्या एखाद्या धष्टपुष्ट सदस्याने प्रत्येक दांडीला आपले सगळे वजन टाकून लोंबकळून पाहावे. दांडी जराही हलली, तर ती पुन्हा बसवून घ्यावी आणि देयक तोपर्यंत रोखून ठेवावे.