घशातील मालागोलाणू, लस आणि माकडांवरील परीक्षण

सुश्रुतांनी तालुगत रोगांत वर्णिलेली तुंडिकेरी आपणा सर्वांच्या नित्य परिचयाची. बहुसंख्य घसादुखी विषाणूंमुळे होते व आपोआप शमते. परंतु काही बालकांच्या घशात स्ट्रेप्टोकॉकस पायोजीनस हा मालागोलाणू असतो. घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे लोटल्यावर त्यांच्यापैकी एखाद्यास ज्वर व सांधेशूल सुरू होतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या विकृत होतात. या हृद्रोगाने जगात दरवर्षी सुमारे तीन लाख लोक दगावतात. तरीही त्यावर लस का नाही, असे आम्हांस वारंवार विचारले जाते.

याचे एक कारण इतिहासात आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत या जंतूच्या एम प्रथिनापासून केलेली लस २१ मुलांना टोचण्यात आली. त्यांतील काहींना पुढे र्‍हुमॅटिक ज्वरच झाला. हृदयाच्या ऊतींशी या प्रथिनाचे साम्य असल्याने लसच रोगास कारण होते काय, ही शंका बळावली. १९७९ साली तेथील औषध नियामकांनी अशा लसींवर घातलेली बंदी सुमारे पाव शतक टिकली. शिवाय एम प्रथिनाचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. एकावरील लस दुसऱ्यास रोखेलच असे नाही.

मग परीक्षण कोणावर करावे? उंदीर येथे अपुरा पडतो. त्यास टॉन्सिल नसतात आणि हा जंतू मूलतः मानवाचाच असल्याने त्याची अनेक विषे उंदराच्या शरीरात नीट कार्य करीत नाहीत. माकडास टॉन्सिल असतात, घसा लाल होतो, सूज दिसते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० मकाक माकडांच्या घशात हा जंतू सोडून ८६ दिवस निरीक्षण केले गेले. जंतूचे बस्तान, तीव्र शोथ आणि नंतरची लक्षणरहित अवस्था असे तीन टप्पे त्यात स्पष्ट दिसले. (याच कुळातील ऱ्हीसस माकडांची निर्यात भारताने १९७८ साली थांबविली, हे येथे सहज आठवते.)

२०१९ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. एम प्रथिन पूर्णपणे वगळून, जंतूच्या अन्य पाच प्रथिनांची तुरटीवर्गीय सहायक द्रव्यासह केलेली लस ऱ्हीसस माकडांना देण्यात आली. घशाचा व टॉन्सिलचा शोथ कमी झाला. जंतूचे वास्तव्य मात्र घटले नाही.

वैद्याने येथेच थांबून विचार करावा. र्‍हुमॅटिक ज्वराच्या कित्येक रुग्णांना आधी घसा दुखल्याचे आठवतही नाही. लक्षणे शमली आणि जंतू राहिला, तर ते बालक आपल्यापर्यंत येणारच नाही, आणि शाळेत शेजारी बसणाऱ्यास मात्र संसर्ग देत राहील. लक्षणशमनास यश मानावे की नाही, हा वाद आपल्या शास्त्राला नवा नाही. हृदयविकृती टळते की नाही, याचे उत्तर तर माकडाच्या घशातून मिळतच नाही.

औषधविक्रेत्या बंधूंचाही येथे संबंध येतो. तोंडाने घ्यावयाचे पेनिसिलिन दहा दिवसांचे असते. तिसऱ्या दिवशी घसा मोकळा होताच पालक उरलेल्या गोळ्या परत घेऊन येतात.

मेलबर्न येथे २५ निरोगी प्रौढ स्वयंसेवकांच्या घशात हाच जंतू नियंत्रित रीतीने सोडून केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. यापुढील लसी माकडांबरोबर अशा स्वयंसेवकांवरही पारखता येतील. परंतु त्यांना वेळीच प्रतिजैविक द्यावेच लागते. र्‍हुमॅटिक ज्वराची परीक्षा तेथेही होत नाही.