लिंटलची दोन टोकं

जुन्या यंत्रमागाचा गाळा म्हणजे नऊ इंची विटेची भिंत, वर पत्रे आणि आत खडखडाट. धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा आपटतो, तो हादरा जमिनीतून भिंतीत चढतो आणि दाराच्या कोपऱ्यात पहिल्यांदा दिसतो. तिथून तिरकी वर गेलेली भेग गिलाव्याने झाकता येते, थांबवता येत नाही; त्यासाठी दारावरची आडवी तुळई, म्हणजे लिंटल, नीट बसलेला हवा.

दारावरची सगळी भिंत लिंटलच्या डोक्यावर बसते, असं वाटतं. तसं नसतं. वर पुरेशी भिंत असेल आणि विटा सांधमोड करून लावल्या असतील, तर त्या आपसांत कमान धरतात. लिंटलवर येतो तो साधारण एका त्रिकोणाचा भार. पण तो सगळा दोन टोकांवरच उतरतो. म्हणून दोन्हीकडे निदान 6 इंच बेअरिंग, म्हणजे भिंतीवरचा टेक, हवं; दार रुंद असेल तर त्याहून जास्त. आणि टोकाखालचा रद्दा अख्ख्या विटांचा, सांधे मालाने भरलेला. उरलेले अद्धे नेमके तिथेच खपवणारा गवंडी मला तरी मान्य नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिरात उत्तरेच्या दारावरच्या तुळईवर शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा लेख आहे. अशी दगडी तुळई वाकणं सोसत नाही, म्हणून जुने कारागीर दारं अरुंद ठेवत. काँक्रीटमध्ये ते वाकणं खालच्या सळ्या सोसतात. तयार लिंटल उलटा बसवला, तर मुख्य सळ्या वर जातात आणि तो मधोमध तडकतो. जागेवर भरला, तर 6 मीटरपर्यंतच्या तुळईचे टेकू 14 दिवस ठेवा, असं आयएस 456 सांगतं. शटर बसवायची घाई असलेल्या मालकाला हे पटवणं अवघडच.

आता माग हलवून गाळ्याचं गोदाम करायचं, टेम्पो आत यावा म्हणून दार रुंद करायचं, ही कामं निघतात. इथे क्रम चुकला की भिंत अंगावर येते. आधी दाराच्या वर भोकं पाडून त्यांतून आडवे गर्डर घालायचे, दोन्ही बाजूंनी टेकू लावायचे, मगच विटा काढायच्या. नवा लिंटल पक्का झाल्यावर त्याच्या आणि जुन्या विटांमधल्या फटीत कमी पाण्याचा घट्ट माल ठासायचा. तो कडक होण्याआधी टेकू काढले, तर वरची भिंत त्या फटीएवढी खाली बसते.